दोनशे बारावं कार्ड

१

दोनशे अकरा क्रमांकाचं कार्ड होतं, दोनशे तेरा होतं, मधलं दोनशे बारा नव्हतं. एवढीशी गोष्ट. पण तिच्यापायी आमच्या प्रकाशन संस्थेत मंगळवारी सकाळी असा गहजब झाला की आलेला चहा जागच्या जागी निवून गेला.

कार्डं सरांची. सर म्हणजे आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेले आणि निवृत्तीनंतरही न थांबलेले गृहस्थ. इंग्रजीतले सारखे वाटणारे दोन शब्द घ्यायचे, आपली माणसं त्यांत कुठे घसरतात ते आपल्या भाषेत समजवायचं आणि खाली प्रत्येक शब्दाचं एकेक इंग्रजी वाक्य द्यायचं, हे त्यांचं चौदा वर्षं चाललं होतं. एका कार्डावर एक जोडी. हिरवी शाई, वर क्रमांक, खाली तारीख. अशी नऊशे कार्डं बुटांच्या चार खोक्यांत भरून झाली आणि सर गेले. दीड महिन्याने त्यांच्या मुलाने खोक्यांना चिकटपट्टी लावून ती आमच्याकडे पोचवली.

सरांनी करून ठेवलेल्या सूचीप्रमाणे दोनशे बारावर रिफ्यूज आणि डिनाय ही जोडी होती. आपण दोन्हीकडे 'नाकारलं' म्हणून मोकळे होतो. पण एखादी गोष्ट करणार नाही म्हणणं म्हणजे रिफ्यूज, आणि घडलेली गोष्ट घडलीच नाही म्हणणं म्हणजे डिनाय. सरांच्या मते यातला फरक कळायला इंग्रजी कमी आणि माणसं जास्त कळावी लागतात.

खापर फुटलं ते अक्षरजुळणी करणाऱ्या बाईवर. ऑफिसात तिला आम्ही 'बिनचूक' म्हणतो. एकोणीस वर्षांत तिने एक कागद इकडचा तिकडे केलेला नाही. कार्ड नाही हे तिनेच मालकांना जाऊन सांगितलं, म्हणजे आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. मालकांनी सरांच्या घरी फोन लावला. मुलगा म्हणाला, खोकी घरून पूर्ण निघाली होती. मुलगा डॉक्टर आहे, आवाजात वजन आहे. ज्या बाईने माझ्या वडिलांच्या हातचं लिखाण हरवलं ती त्या ऑफिसात राहता कामा नये, नाहीतर शनिवारी मी खोकी परत नेतो, असं त्याने बजावलं.

मालकांची पाचावर धारण बसली. मुखपृष्ठं छापून आली होती आणि त्यांवर ठसठशीत 'नऊशे जोड्या' असं होतं. त्यांनी बिनचूकला कार्ड शोधायला शनिवारपर्यंत मुदत दिली. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला, दोन मुली शाळेत. ती माझ्या टेबलाशी आली तेव्हा रडत नव्हती, चिडलेली होती.

"ताई, मी काढलं नाही. निष्काळजी म्हणून गेले तर मला दुसरीकडे कोण उभं करील?"

मी मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका शोधून माझं पोट भरतं. म्हटलं, बघू या, ही चूक कुणाची ते.

२

आधी मी बिनचूकलाच फैलावर घेतलं. तिला ते सहन झालं, कारण ती माझी पद्धत ओळखून आहे. खोकी तिच्या टेबलावर आली तेव्हा चिकटपट्ट्या आधीच फाडलेल्या होत्या. कुणी फाडल्या ते तिला माहीत नव्हतं. तिने कार्डं क्रमाने एकेक घेऊन जुळवली, दोनशे अकरानंतर तिचा हात थांबला. मग तिने जाता जाता विचारलं की काही कार्डांच्या मागे पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत, त्या छापायच्या का? मी म्हटलं, मागचं काही छापायचं नाही, पुढचं बघ. माझ्या हुशारीचे हे दिवे.

चिकटपट्ट्या मालकांनी फाडल्या होत्या. मी विचारल्यावर आधी त्यांना काही आठवेना, मग एकदम सगळं आठवलं. खोकी दोन दिवस त्यांच्या केबिनमध्ये होती आणि आल्यागेल्याला हिरवी शाई दाखवायची त्यांना हौस होती. म्हणजे कार्ड हरवायची सोय त्यांच्याकडेही होतीच. हे डॉक्टरांना का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. मालक छताच्या पंख्याकडे बघू लागले.

त्यांच्याकडे कारणही होतं. सरांची एक खोड फक्त मला ठाऊक होती. त्यांचं पहिलं छोटं पुस्तक मी तपासलं तेव्हा एक उदाहरण मला कृत्रिम वाटलं, मी दुसरं सुचवलं. सर दुखावल्यासारखे झाले. म्हणाले, "मी रचलेलं वाक्य लिहीत नाही. घडलेलंच लिहितो. खाली तारीख असते ना, ती घडल्याची असते."

मी तेव्हा हसले होते. पण ते अक्षरशः खरं होतं. माझी छत्री ते उसनी घेऊन गेले आणि महिन्याने ती बॉरो-लेंड या कार्डावर अवतरली. मालक अठ्ठ्याण्णव क्रमांकावर होते. वचन आणि धमकी, प्रॉमिस आणि थ्रेट. 'प्रकाशकाने पुस्तक जूनमध्ये काढायचं वचन दिलं. मी जुलैमध्ये विचारलं तेव्हा त्याने ते कधीच न काढण्याची धमकी दिली.'

मी मालकांसमोर ते कार्ड ठेवलं. त्यांनी वाचलं, लाल झाले, पुन्हा वाचलं. त्यांना पत्ताच नव्हता. आणि त्यात त्यांची सुटका होती. लाजेपायी कार्ड काढणाऱ्याने स्वतःचं कार्ड आधी काढलं असतं, आणि अठ्ठ्याण्णव तर जागेवर होतं.

मग रिफ्यूज आणि डिनाय या जोडीत कोण माणूस बसला होता, हे बघायला मी सरांच्या घरी निघाले.

३

डॉक्टरांचा दवाखाना सरांच्या घरापासून चार मिनिटांवर. दुपारी ते आईकडे जेवायला येतात. मी गेले तेव्हा ते हात पुसत बाहेर आले. पन्नाशीचे, देखणे, दमलेले. त्यांनी मला नीट बसवलं, पाणी दिलं, आणि मग ऐकवलं की तुमच्या ऑफिसात शिस्त नाही.

खोकी तुम्ही बंद केलीत तेव्हा कार्डं मोजली होती का, असं मी विचारलं. नव्हती. वाचली होती का? ते हसले. बाबांचं ते इंग्रजी खूळ, त्यात त्यांना कधी रस नव्हता. झाकणं लावली, पट्टी मारली, संपलं. प्रत्येक कार्डाखाली तारीख का आहे, हे विचारल्यावर म्हणाले, कसली तारीख?

मी नुसतं म्हटलं की सर फार काटेकोर होते. तेवढ्यावरून त्यांचा बांध फुटला.

"काटेकोर? शब्दांच्या बाबतीत, मॅडम. माझी धाकटी बहीण दम्याने गेली, तुम्हाला ठाऊक असेल. रविवारची दुपार, आई गावाला गेलेली, मी चार मिनिटांवर. बाबांनी मला फोनसुद्धा केला नाही. संध्याकाळी मी आलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईने त्यांना ते कधी माफ केलं नाही."

दाराशी सरांच्या पत्नी उभ्या होत्या. त्यांना मी वहिनी म्हणते. सत्तरीच्या, किडकिडीत, बोलायला मुळातच कमी. मुलाच्या बोलण्यावर त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. चहा घेणार ना, एवढं विचारून आत गेल्या.

त्या नवराबायकोत बोलणं नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सर आमच्याकडे येऊन तासन्‌तास बसायचे ते त्यामुळेच. घरात ताट वाढलेलं मिळे, कपडे धुतलेले मिळत, शब्द मिळत नसे. अकरा वर्षं.

डॉक्टर दवाखान्यात गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. वहिनी चहा करत होत्या. फडताळात डबे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर कागदाची पट्टी आणि तीवर पेन्सिलीने लिहिलेलं साखर, चहा, मीठ. एकाही अक्षरावर वरची आडवी रेघ नव्हती. माझी व्यवसायाची नजर, मला सगळ्या ओळी उघड्याबोडक्या दिसल्या. वहिनी म्हणाल्या, सातवीत शाळा सुटली, घाईने लिहायची सवय ती तशीच राहिली. इंग्रजी येतं का, असं मी सहज विचारलं. मुळाक्षरं येतात, त्या म्हणाल्या. हे शिकवतो म्हणायचे, पुष्कळदा म्हणायचे, पण मीच त्यांच्यासमोर बसले नाही.

बाहेर पडताना मी दुःखी आजीबाई म्हणून त्यांना यादीतून खोडून टाकलं होतं. माझ्या हुशारीचा हा दुसरा दिवा.

४

बुधवारी मी सगळं काम बाजूला सारलं आणि कार्डं वाचायला घेतली, शब्दांसाठी नव्हे, तारखांसाठी. सूची क्रमांकाची होती, पण क्रमांक घडलेल्या दिवसांच्या मागोमाग चालले होते. म्हणजे खोक्यांत शब्दकोश होता तशी रोजनिशीही होती, आणि ती कुणीच वाचली नव्हती.

दोनशे दहावर से आणि टेल. 'मी त्याला फोनवर सांगितलं की तिला बरं नाही, ये. तो म्हणाला, पाहुणे आहेत, संध्याकाळी बघू.' तारीख त्या रविवारची.

दोनशे अकरावर श्वास हे नाम आणि श्वास घेणं हे क्रियापद, ब्रेथ आणि ब्रीद. 'तिचा श्वास अपुरा पडत होता. चार वाजता तिला श्वास घेता येईना.' तारीख तीच.

दोनशे बारा नव्हतं.

दोनशे तेरावर मरणं आणि मृत असणं. तारीख पंधरा दिवसांनंतरची. दोनशे चौदावर क्वाएट आणि सायलेंट. 'घर शांत आहे. माझी बायको गप्प आहे.'

मी चष्मा काढून ठेवला. मला सरांचा राग आला. इतकं लिहून ठेवणारा माणूस एकदा मोठ्याने बोलला का नाही? फोन झाला होता. डॉक्टर आला नाही, आणि नंतर फोनच झाला नाही म्हणाला. ती जोडी दुसरी कुठली असणार?

बिनचूक माझ्या खांद्यावरून वाचत होती. ती म्हणाली, मग झालं, डॉक्टरांनीच काढलं, चला मालकांकडे. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग मालकांचं अठ्ठ्याण्णव आठवलं. डॉक्टरांना ती दुपार पाठ असणार. दोनशे बारा शोधून काढणाऱ्या डॉक्टरांनी दोनशे दहा कसं ठेवलं असतं? त्यात 'तो' कोण हे जगाला कळणार नाही, पण त्यांना पहिल्या शब्दात कळलं असतं. आणि नऊशे कार्डांतून हे नेमकं हाती लागायला आधी कार्डं वाचावी लागतात. ज्याला तारखांचं नावगाव नाही त्याने ती वाचली नव्हती.

म्हणजे काढणाऱ्याला ती दुपार आतून माहीत नव्हती. दोनशे दहावरचा 'तो' त्याने ओळखला नाही. दोनशे बारावर मात्र त्याला थांबावं लागलं. असा माणूस पहिल्या कार्डापासून क्रमाने वाचत आलेला असणार.

"तू पेन्सिलीच्या खुणा म्हणालीस," मी बिनचूकला विचारलं, "त्या कुठल्या कार्डांवर?"

तिने एकेक कार्ड उलटं केलं. एक क्रमांकापासून प्रत्येकाच्या मागे कोपऱ्यात बारीक बरोबरची खूण, आणि अवघड इंग्रजी शब्दाचा उच्चार आपल्या लिपीत लिहिलेला. सर पेन्सिल वापरत नसत. दोनशे अकराच्या मागे खूण होती. दोनशे तेराच्या मागे नव्हती, आणि पुढे शेवटपर्यंत एकही नव्हती.

उच्चार लिहिलेल्या अक्षरांवर आडवी रेघ नव्हती.

५

गुरुवारी सकाळी, डॉक्टर नसतील अशा वेळी, मी वहिनींकडे गेले. दोनशे अकरा क्रमांकाचं कार्ड उलटं करून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते बघितलं आणि डोळे मिटले.

सर गेल्यावर घरात करायला काही उरलं नाही, त्या सांगू लागल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पहिलं खोकं उघडलं. शिकवतो म्हणत होते ना, मग आता शिकू या. रोज पाच कार्डं. समजावलेलं आपल्या भाषेत होतं, वाक्यांसाठी जुना शब्दकोश घ्यायचा, उच्चार लिहून ठेवायचा, जमलं की खूण करायची. खालच्या तारखा त्या बघतच नव्हत्या, तरी श्वासाच्या कार्डाशी त्यांना लेक आठवली आणि त्या दिवशी त्यांनी पुढचं काही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पुढचं घेतलं.

त्यांनी देवघरातून नव्हे की कपाटातून नव्हे, कमरेच्या पिशवीतून कार्ड काढलं. म्हणजे ते दिवसभर अंगावरच होतं. हिरवी शाई. 'माझ्या मुलाने यायला नकार दिला.' त्याखाली, 'नंतर त्याने मी फोन केल्याचंच नाकारलं.' इंग्रजीत दोन ओळी, एकीत रिफ्यूज्ड, दुसरीत डिनाइड. 

"तुम्हाला चुकीचं कळलं असेल असं नाही वाटलं?" मी विचारलं.

"तेच वाटावं म्हणून सात वेळा शब्दकोश उघडला," वहिनी म्हणाल्या.

मुलाला का नाही विचारलंत, असं मी म्हटल्यावर त्यांनी कार्ड स्वतःकडे ओढून घेतलं. मग म्हणाल्या की नवरा गेला, लेक गेली, हा एक उरला आहे, रोज दुपारी येऊन जेवतो. विचारलं की उत्तर येणार. विचारलं नाही तर तो निदान जेवत राहील.

मला त्यांची दया आली, आणि रागही आला, आणि दोन्ही मी लपवलं नाही. मी सांगितलं की शनिवारी एका बाईची नोकरी जाते आहे. तिला दोन मुली आहेत. ती काहीच न करता चोर ठरते आहे, जसे अकरा वर्षं सर ठरले. शेवटचं मी बोलायला नको होतं. पण बोलले.

वहिनी म्हणाल्या, "काढलं नाही असं मी म्हणणार नाही. पण ते तुम्हाला द्यायचीही नाही. आज नाही."

त्यांनी कार्ड परत पिशवीत ठेवलं. मी रिकाम्या हाताने उठले. आता मालकांना काय सांगणार होते मी? पुरावा म्हणून डब्यांवरच्या पट्ट्या?

६

शनिवारी अकराला डॉक्टर आले. मालकांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं. बिनचूक तिचा डबा आणि छत्री पिशवीत भरून आली होती, म्हणजे परत टेबलाशी जावं लागायला नको. डॉक्टर तिच्याकडे न बघता मालकांशी बोलत होते. वडिलांचं एकेक अक्षर त्यांना मोलाचं होतं, असं ते दोनदा म्हणाले. मी तोंड उघडणार तेवढ्यात दार लोटून वहिनी आत आल्या.

त्या बसल्या नाहीत. मालकांना म्हणाल्या, "या बाईंचा काही दोष नाही. कार्ड मी घरीच काढून घेतलं होतं. आधी सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

बिनचूकने डब्याची पिशवी खाली ठेवली. मालकांनी घाम पुसला आणि लगेच म्हणायला सुरुवात केली की त्यांचा तिच्यावर पहिल्यापासून विश्वास होता. त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. डॉक्टर उठून आईपाशी गेले, खांद्याला धरून म्हणाले, आई, तू दमली आहेस, चल घरी, त्या कार्डाचं काही एवढं नाही.

वहिनींनी त्याचा हात बाजूला केला नाही. खाली मान घालून त्यांनी विचारलं.

"त्या रविवारी बाबांनी तुला फोन केला होता का?"

 डॉक्टरांना वेळ मिळाला होता, हे मी आजही सांगेन. भरपूर मिळाला. मला वाटतं आईलाही तो द्यायचा होता. मला वाटतं, हो म्हणाला असता तर तिने ते कार्ड तिथल्या तिथे फाडून टाकलं असतं आणि आम्ही नऊशेऐवजी आठशे नव्व्याण्णव जोड्या छापल्या असत्या.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "किती वेळा सांगू? नव्हता केला."

वहिनींनी पिशवीतून कार्ड काढलं आणि मुलाला न देता बिनचूकच्या हातात दिलं. छापा, म्हणाल्या. डॉक्टरांनी मान वळवून ते वाचलं. दोनच ओळी, वाचायला वेळ लागत नाही. त्यांच्या चेहऱ्याचं काय झालं ते मी सांगत नाही, कारण मी बघितलं नाही, मला बघवलं नाही. पाहुणे होते, असं ते काहीतरी पुटपुटले. दवाखान्याचं उद्घाटन होतं. तिला नेहमीच दम लागायचा, कुणाला काय कल्पना. मग ते गेले. खोकी नेतो म्हणाले नाहीत.

बिनचूक टेबलाशी गेली आणि तिने दोनशे बारा जुळवलं. मालकांनी तिला घरी सोडायला गाडी देऊ केली, ती नको म्हणाली आणि बरं केलं. वहिनी माझ्या खुर्चीशेजारी बसून होत्या. मी त्यांना घरी पोचवू का विचारलं. 

"ह्यांनी मला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "एकदाच. तेराव्या दिवशी. म्हणाले, मी फोन केला होता गं. मी म्हटलं, पोरावर ढकलू नका, पुन्हा माझ्याशी बोलू नका."

  त्यांनी माझ्या टेबलावरचं तिसरं खोकं जवळ ओढलं, त्यातलं एक कार्ड काढलं, लांब धरून हिरवी अक्षरं लावायचा प्रयत्न केला.

"अकरा वर्षं ते माझ्यासमोर बसून हे लिहीत होते," त्या म्हणाल्या. "आता मला वाचता येतं, हे मी कुणाला सांगू?"